घाटनांदूरहून एमएला जायचं कुठं? पीजीच्या यादीची शंभर वर्षं

ऐकणाऱ्यांनी इयरफोन नीट लावा, आणि वाचणाऱ्यांसाठी हे आजच्या भागाचं लिखित रूप. बोलताना जे घाईत निसटतं ते इथं जरा नीट करून टाकलंय.

दर वर्षी निकाल लागले की आपल्या इनबॉक्समध्ये एकच प्रश्न येतो. "दादा, बीए झालं, पुढं काय करू?" "बीएस्सी केमिस्ट्री झालं, एमएस्सीला कुठं अ‍ॅडमिशन घेऊ?" मी करिअर काउन्सेलर नाही. सॉफ्टवेअरवाला माणूस आहे, कोड लिहून पोट भरतो आणि इतिहासाचा नाद आहे म्हणून हे पॉडकास्ट करतो. त्यामुळं उत्तरही इतिहासातूनच देणार.

फॉर्म भरताना आपल्यासमोर एक ड्रॉपडाउन उघडतो. विद्याशाखा निवडा, विषय निवडा, महाविद्यालय निवडा. आपल्याला वाटतं, ही यादी अशीच असते. पण प्रत्येक सिस्टीममध्ये ड्रॉपडाउनच्या मागं एक टेबल असतं, आणि ते टेबल कुणीतरी, कधीतरी, काही कारणानं भरलेलं असतं. आज तेच टेबल उघडून बघू. जागा घेऊ आपलं घाटनांदूर. तालुका अंबाजोगाई, जिल्हा बीड, लातूर जिल्ह्याच्या अगदी कडेला. इथल्या पोरानं किंवा पोरीनं पदवीनंतर शिकायचं ठरवलं, तर गेल्या शंभर वर्षांत तिला कुठं कुठं जावं लागलं असतं?

गाडी हैदराबादला जायची

सुरुवात स्टेशनपासून करू. घाटनांदूरला रेल्वे आहे याचं बाहेरच्यांना नवल वाटतं. परळी ते विकाराबाद ही लाइन निजामाच्या काळातली, १९३० च्या सुमाराची. विकाराबादहून पुढं थेट हैदराबाद. ही लाइन मोठ्या रुळांची, म्हणजे ब्रॉडगेज. उलट परळीहून परभणीकडं, आणि तिथून औरंगाबादकडं जाणारी लाइन मीटरगेज. म्हणजे घाटनांदूरहून हैदराबादला गाडीत बसलं की सरळ पोचायचं, आणि औरंगाबादला जायचं तर परळीला गाडी बदलायची. संस्थानाची राजधानी कुठं आणि बाकीचं जग कुठं, हे रुळांच्या रुंदीवरूनच कळत होतं.

विद्यापीठही तिकडंच. उस्मानिया विद्यापीठ १९१८ ला सुरू झालं. भारतीय भाषा हे शिक्षणाचं माध्यम असलेलं देशातलं पहिलं विद्यापीठ म्हणून त्याचं नाव घेतात, आणि ते काम खरंच मोठं होतं. विज्ञान, इतिहास, कायदा यांची पुस्तकं भाषांतरित करायला वेगळं खातं उघडलं, शेकडो पारिभाषिक शब्द घडवले. आज आपण "इंजिनिअरिंग मराठीतून" म्हणतो तेव्हा जी अडचण येते, ती या लोकांनी शंभर वर्षांपूर्वी हातात घेतली होती. फक्त भाषा होती उर्दू. मराठवाड्यातल्या, तेलंगणातल्या, कानडी जिल्ह्यांतल्या पोरांच्या घरात दुसरीच भाषा बोलली जायची. म्हणजे माध्यम देशी होतं, पण घरचं नव्हतं.

मराठवाड्यात स्वतःचं काय होतं? औरंगाबादला १९२३ पासून इंटरमिजिएट कॉलेज होतं. उर्दूचे मोठे अभ्यासक मौलवी अब्दुल हक तिथं प्राचार्य होते. पण ते इंटरपर्यंतच. आजच्या हिशेबानं बारावीच्या आसपास. पदवीला हैदराबाद, आणि एमएलाही हैदराबाद. नाहीतर संस्थानाची हद्दच ओलांडायची.

आणि लोक ओलांडायचे. निलंग्याचे सेतुमाधवराव पगडी, ज्यांनी पुढं फारसी कागदपत्रांतून मराठ्यांचा इतिहास वाचून दाखवला, ते शिकायला बनारस आणि अलाहाबादला गेले. गोविंदभाई श्रॉफ गणित शिकायला कलकत्त्याला गेले. १९३८ मध्ये उस्मानियाच्या वसतिगृहांत विद्यार्थ्यांनी 'वंदे मातरम्' म्हणायचा आग्रह धरला आणि त्यांना काढून टाकण्यात आलं. नागपूर विद्यापीठानं त्यांतल्या बऱ्याच जणांना सामावून घेतलं. पुढं पंतप्रधान झालेले पी. व्ही. नरसिंह राव त्यांच्यातलेच.

ही नावं ऐकून छाती फुगते, पण जरा थांबा. ही नावं आपल्याला माहीत आहेत कारण ते जाऊ शकले. ज्यांच्या घरी रेल्वेचं भाडं आणि खोलीचे पैसे नव्हते, त्यांची यादी कुणी ठेवली नाही. आणि पोरींचं तर विचारूच नका. मॅट्रिकलाच जिथं मारामार, तिथं कलकत्ता कुठलं!

मोमिनाबादचे हेडमास्तर

त्या काळात अंबाजोगाईचं सरकारी नाव मोमिनाबाद. तिथं योगेश्वरी शाळा होती, आणि १९३५ ला तिथं मुख्याध्यापक म्हणून आले स्वामी रामानंद तीर्थ. संन्यासी माणूस, आधी हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत शिकवून आलेला. पुढं ते हैदराबाद मुक्तिसंग्रामाचे नेते झाले, हे आपण शाळेत शिकलोय. पण आजच्या विषयासाठी महत्त्वाचं हे की आपल्या भागात उच्च शिक्षणाची पायवाट एका शाळेतून निघाली. आधी मॅट्रिक होणारी पोरं तयार झाली, म्हणून नंतर कॉलेज मागायला माणसं मिळाली. स्वामीजींचं नाव लक्षात ठेवा, ते पुढं एका गमतीशीर ठिकाणी परत येणार आहे.

१७ सप्टेंबर १९४८ ला हैदराबाद संस्थान भारतात आलं. त्यानंतर दोनच वर्षांत दोन कॉलेजं निघाली. नांदेडला १९५० मध्ये पीपल्स कॉलेज, स्वामीजींच्याच पुढाकारानं. आणि त्याच वर्षी औरंगाबादला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीचं कॉलेज, जे पुढं मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं.

बाबासाहेबांनी हे का केलं याचा विचार करा. मुंबईत त्यांचं सिद्धार्थ कॉलेज १९४६ पासून चालू होतं. ते स्वतः १९१३ ला बडोद्याच्या महाराजांच्या शिष्यवृत्तीवर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले आणि १९१५ ला तिथून एमए झाले. पदव्युत्तर शिक्षणानं माणसाचं काय होतं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत असणार? त्याचबरोबर, एक शिष्यवृत्ती एका माणसाला समुद्रापार नेते, पण गावातल्या हजार पोरांना समुद्रापार नेता येत नाही, हेही दिसत होतं. मग कॉलेजच पोरांच्या जवळ न्यायचं. तेही जिथं शिक्षण सगळ्यांत मागं, तिथं. नागसेनवनाच्या त्या परिसरात वसतिगृहं झाली, म्हणून खेड्यातलं पोरगं तिथं राहून शिकू शकलं.

सरहद्द सरकली, विद्यापीठ मागं राहिलं

पण ही नवी कॉलेजं संलग्न कुणाला? उस्मानियालाच. परीक्षा उस्मानियाची, डिग्री उस्मानियाची. आणि १ नोव्हेंबर १९५६ ला भाषावार राज्यरचना झाली. मराठवाड्याचे पाच जिल्हे, औरंगाबाद, बीड, परभणी, नांदेड, उस्मानाबाद, मुंबई राज्यात आले. हैदराबाद शहर आंध्र प्रदेशात गेलं. राज्य एकीकडं, विद्यापीठ दुसरीकडं. आमच्या भाषेत सांगायचं तर डेटा नवीन सर्व्हरवर आला, पण लॉगिन जुन्याच सर्व्हरवर राहिलं.

मग न्यायमूर्ती पळणीटकर यांची समिती नेमली गेली, मराठवाड्याला वेगळं विद्यापीठ द्यावं अशी तिची शिफारस आली, आणि २३ ऑगस्ट १९५८ ला औरंगाबादला मराठवाडा विद्यापीठाचं उद्घाटन पंडित नेहरूंच्या हस्ते झालं. पहिले कुलगुरू एस. आर. डोंगरकेरी, मुंबई विद्यापीठाचा कारभार जवळून पाहिलेले गृहस्थ.

इथं एक गोष्ट समजून घ्यावी लागते, नाहीतर पुढचं कळत नाही. आपल्याकडची बहुतेक विद्यापीठं संलग्न पद्धतीची. १८५७ ला मुंबई, कलकत्ता आणि मद्रासला विद्यापीठं निघाली ती लंडनच्या नमुन्यावर. विद्यापीठ परीक्षा घेणार, डिग्री देणार; शिकवणार कॉलेजं. बीएचं कॉलेज काढायला वर्गखोल्या, काही प्राध्यापक आणि बरी लायब्ररी लागते. त्यामुळं पदवी हळूहळू तालुक्याला आणि मग मोठ्या गावातही पोचते. अंबाजोगाईला योगेश्वरी महाविद्यालय १९५० च्या दशकातच, विद्यापीठाच्याही आधी उभं राहिलं. आज खुद्द घाटनांदूरला वसुंधरा महाविद्यालय आहे.

पीजीचं तसं नाही. एमएस्सीला प्रयोगशाळा लागते, उपकरणं लागतात, संशोधन करणारा मार्गदर्शक लागतो. एमए इतिहासाला जुने अंक, कागदपत्रं लागतात. हे सगळं महाग, म्हणून ते विद्यापीठाच्या आवारात गोळा होतं. पदवी गावाकडं सरकत राहिली, पण पीजी बराच काळ शहरातच बसून राहिली. बीए झालेल्या पोरींची संख्या वाढते आणि एमएला त्यातल्या निम्म्या गायब होतात, असं जे आपण आजूबाजूला बघतो, त्यामागं हुशारी नसते. मधला रस्ता असतो, आणि "एवढ्या लांब कशाला?" हा घरातला प्रश्न असतो.

तरी १९५८ नं मोठा फरक पडला. औरंगाबादला मेडिकल कॉलेज १९५६ ला आलं होतं, इंजिनिअरिंग कॉलेज १९६० ला आलं. कला, विज्ञान, वाणिज्य, कायदा, वैद्यक, अभियांत्रिकी, सगळ्या शाखा एका विद्यापीठाच्या छपराखाली. घाटनांदूरच्या पोराला कलकत्ता नको, बनारस नको. परळीला गाडी बदलली की झालं.

आणि विद्यापीठ जवळ आल्यावर काय होतं ते पाहा. १९६७ मध्ये गंगाधर पानतावणे यांनी औरंगाबादहून एक नियतकालिक सुरू केलं, जे 'अस्मितादर्श' म्हणून मराठीत गाजलं. दलित साहित्याची एक पिढी त्याच्या पानांवर लिहिती झाली. पानतावणे मिलिंदमध्ये शिकवत होते, पुढं विद्यापीठाच्या मराठी विभागात गेले. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या शाळेच्या पायरीवर उभं केलं गेलं, त्यांच्यातलीच माणसं एमएच्या वर्गात वाङ्मय काय असतं ते शिकवू लागली. कॉलेज जवळ नेण्याचा हिशेब बाबासाहेबांनी केला होता, तो वीस वर्षांच्या आत असा फळाला आला.

नावाची सोळा वर्षं

आता अवघड भाग. २७ जुलै १९७८ ला विधिमंडळानं विद्यापीठाला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात गावोगाव दलित वस्त्यांवर हल्ले झाले. घरं जळाली, माणसं मेली, लोकांनी गावं सोडली. ठराव थांबला. मग मोर्चे, लाँग मार्च, सत्याग्रह, तुरुंग. १४ जानेवारी १९९४ ला, म्हणजे सोळा वर्षांनी, विद्यापीठाचं नाव डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ झालं.

आपल्यातले कित्येक जण म्हणतात, "नावात काय एवढं? अभ्यासक्रम तर तोच ना!" मी एवढंच सांगेन. मराठवाड्यात पदवीचं शिक्षण उभं करणाऱ्या पहिल्या माणसांत बाबासाहेब होते, विद्यापीठाच्या आठ वर्षं आधी. तरी त्यांचं नाव फाटकावर लावायला एवढा विरोध झाला, तेव्हा वाद पाटीचा नव्हताच. हे आवार कुणाचं, इथल्या वर्गात कुणी हक्कानं बसायचं, हा तो वाद होता. ज्याचं घर जळालं त्या घरातल्या पोराचं बीए, एमए त्या वर्षी काय झालं असेल, याचा हिशेब कुठल्याच मार्कशीटवर नाही. विषयांची यादी आपल्यासमोर आहे म्हणजे ती सगळ्यांसाठी सारखीच उघडी होती, असं समजू नका.

एकाचे अनेक

त्याच वर्षी, १७ सप्टेंबर १९९४ ला, नांदेडला दुसरं विद्यापीठ सुरू झालं. नाव, स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ. नांदेड, परभणी, लातूर हे जिल्हे तिकडं गेले (हिंगोली जिल्हा पुढं परभणीतून निघाला). औरंगाबाद, जालना, बीड, उस्मानाबाद जुन्या विद्यापीठात राहिले.

मघाशी म्हणालो होतो ती गंमत इथं आहे. ज्या अंबाजोगाईत स्वामीजी मुख्याध्यापक होते, ते अंबाजोगाई स्वामीजींच्या नावाच्या विद्यापीठात नाही! आणि घाटनांदूरकरांसाठी ही नुसती गंमत नाही. लातूर आपल्याला जवळ, बाजाराला, दवाखान्याला, ट्यूशनला आपण लातूरला जातो. पण लातूर पडतं नांदेड विद्यापीठात. आपलं विद्यापीठ छत्रपती संभाजीनगरला, दोनशे किलोमीटरच्या पुढं. पदवी एका विद्यापीठाची आणि पीजी शेजारच्या जिल्ह्यात करायची, तर स्थलांतर प्रमाणपत्र, पात्रतेचे कागद, आणि "हे पोरगं बाहेरच्या विद्यापीठाचं" असा शिक्का. शिवारं लागून, पण मधून विद्यापीठाची हद्द जाते.

बाकीच्या शाखाही एकेक करून वेगळ्या झाल्या. शेतीचं शिक्षण १९७२ ला परभणीच्या कृषी विद्यापीठाकडं गेलं. वैद्यकीय १९९८ ला नाशिकच्या आरोग्य विज्ञान विद्यापीठाकडं. इंजिनिअरिंगची मराठवाड्यातली बरीच कॉलेजं २०१७ पासून रायगड जिल्ह्यातल्या लोणेरेच्या तंत्रशास्त्र विद्यापीठाशी जोडली गेली. माझ्या डिग्रीवर 'बीटेक' आहे आणि आमच्या सीनियर लोकांच्या डिग्रीवर 'बीई', त्याचं कारण एवढंच.

याचा परिणाम कधी कधी मजेशीर होतो. अंबाजोगाईला १९७० च्या दशकापासून ग्रामीण सरकारी वैद्यकीय महाविद्यालय आहे, त्यालाही स्वामीजींचंच नाव. आशियातलं पहिलं ग्रामीण वैद्यकीय महाविद्यालय म्हणून लोक अभिमानानं सांगतात. म्हणजे नीट-पीजी काढलेल्या डॉक्टरला घाटनांदूरपासून वीसेक किलोमीटरवर एमडी करता येतं. पण एखादीला जरा वेगळ्या विषयात एमए किंवा एमएस्सी करायचं असेल, तर बॅग भरून संभाजीनगर गाठावं लागतं.

मग आजच्या यादीचं काय करायचं?

२०१६ च्या कायद्यानं राज्यातल्या सार्वजनिक विद्यापीठांत चार विद्याशाखा केल्या. विज्ञान व तंत्रज्ञान, वाणिज्य व व्यवस्थापन, मानव्यविद्या, आणि आंतरविद्याशाखीय अभ्यास. चौथीकडं आपल्याकडची पोरं बघतच नाहीत. पत्रकारिता, ग्रंथालयशास्त्र, शिक्षणशास्त्र, समाजकार्य असे विषय तिथं असतात. फॉर्म भरताना ती एकदा तरी उघडून वाचा.

जागेचे साधारण तीन प्रकार. एक, विद्यापीठाच्या मुख्य आवारातले विभाग. दोन, उपपरिसर, जसा आपल्या विद्यापीठाचा धाराशिवला २००४ पासून आहे. तीन, संलग्न कॉलेजातले पीजीचे वर्ग. डिग्रीवर नाव एकच येतं, पण तुम्हाला मिळणाऱ्या गोष्टी एक नसतात. म्हणून कुठंही प्रवेश घेण्याआधी चार प्रश्न विचारा. या विषयाला इथं पूर्णवेळ प्राध्यापक किती? प्रयोगशाळा किंवा लायब्ररी चालू आहे का, की नुसती कुलूपबंद? पुढं पीएचडी करायची तर इथं मान्यताप्राप्त मार्गदर्शक आहे का? आणि वसतिगृहात जागा मिळेल का? शेवटचा प्रश्न सगळ्यात आधी विचारलात तरी चालेल, कारण फी माफ झाली तरी खोली आणि मेस माफ होत नाही.

घर सोडणं शक्यच नसेल, तर १९८९ ला नाशिकला निघालेलं यशवंतराव चव्हाण मुक्त विद्यापीठ आहे, इग्नू आहे. त्यांना कमी समजू नका, ती अशा लोकांसाठीच काढली होती. पण घरचे "जवळच कर" म्हणतात म्हणून नको असलेला विषय घेत असाल, तर घरात एकदा हा सगळा इतिहास सांगून बघा. शंभर वर्षांपूर्वी आपल्या पोरांना कलकत्त्याला जावं लागायचं. ते अंतर आपोआप कमी झालं नाही. कुणी शाळा चालवली, कुणी कॉलेज काढलं, कुणी मार खाल्ला, तेव्हा ते संभाजीनगरपर्यंत आलं. उरलेलं अंतर फक्त पोरींनी घरी बसून भरून काढायचं, हा कुठला न्याय?

आणि एक काम तुमच्यासाठी. तुम्ही ज्या गावातून ऐकताय, तिथून सगळ्यात जवळ कोणत्या विषयाची पीजी आहे आणि कोणत्या विषयासाठी गाव सोडावं लागतं, ते मला लिहून पाठवा. पुरेशी माहिती जमली की आपण तालुकावार यादी करू. मागायचं असेल तर काय नाही ते आधी माहीत पाहिजे. १९५८ च्या आधी लोकांनी तेच केलं होतं.

भेटू पुढच्या भागात. तोवर फॉर्मची शेवटची तारीख बघून ठेवा!